गंगेच्या वरच्या अंगाला

पंचवटीत राहणाऱ्या माणसाला त्र्यंबकचा पाऊस घरबसल्या कळतो. आमच्याकडे नुसती भुरभुर असते, अंगणसुद्धा धड भिजलेलं नसतं, आणि गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, कुणीतरी सांगत येतं की पाणी चढतंय. मग रिक्षात, दुकानात, भाजीच्या पाटीपाशी एकच प्रश्न असतो: दुतोंड्या मारुतीला कुठवर लागलं? रामकुंडाच्या खालच्या अंगाला पात्रात उभ्या असलेल्या या मूर्तीवर नाशिककर पिढ्यान्‌पिढ्या पूर मोजत आले आहेत. गुडघ्याला, कमरेला, छातीला. धरणातून सोडलेल्या पाण्याचे क्युसेकमधले आकडे आता मोबाइलवर येतात, आम्ही ते वाचतोही. पण मारुतीच्या कमरेवर पाणी गेलं हे ऐकलं की सराफ बाजारातले हात खरे हलू लागतात आणि खालच्या फळीवरचा माल वर जातो.

हे पाणी आमच्या आभाळातलं नसतं. ते त्र्यंबकच्या डोंगरांवर पडतं, ओढ्यानाल्यांनी गंगापूर धरणात येतं आणि तिथून सुटून आमच्या घाटांवर पोचतं. त्र्यंबक सह्याद्रीच्या थेट अंगावर वसलेलं, नाशिक त्याच्या आडोशाला. अठ्ठावीस किलोमीटरांत पावसाचा सगळा स्वभाव बदलतो. लहानपणी पूर बघायला नेताना आजी पश्चिमेकडे हात करायची आणि म्हणायची, "वर ब्रह्मगिरीवर कोसळतोय बघ." ते 'वर' बघायची ओढ तेव्हापासूनची. पाय चालायला लागल्यापासून मी तिथे जाते आहे आणि अजून मन भरलेलं नाही.

निमाणी बसस्थानकावरून सीबीएस आणि तिथून त्र्यंबकची गाडी. सातपूरचे कारखाने मागे पडले, महिरावणी गेलं की रस्त्याच्या कडेला भाताची खाचरं दिसायला लागतात आणि डाव्या हाताला अंजनेरीची भिंत उभी राहते. आषाढात ती दिसतच नाही, तिच्या जागी नुसता ढग असतो. थोडं पुढे गेलं की गाव येतं: तिन्ही बाजूंनी डोंगर, मध्ये बारा-तेरा हजार वस्ती, अरुंद गल्ल्या आणि काळ्या दगडाचं त्र्यंबकेश्वराचं मंदिर. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५५ साली, ते बांधायला घेतलं आणि पुढची तीस वर्षं काम चाललं. मंदिराच्या मागे ब्रह्मगिरीचा कडा इतका जवळ दिसतो की पहिल्यांदा येणारा माणूस देवळाच्या शिखराऐवजी त्याच्याकडेच बघत राहतो.

सकाळी सहाच्या सुमाराला बसस्टँडच्या आसपास उभं राहिलं की या गावाचे दोन्ही पाहुणे एका जागी दिसतात. एक नारायण नागबळीला किंवा कालसर्पाच्या शांतीला आलेले, नवी धोतरं आणि पांढऱ्या साड्या पिशवीत घेऊन गुरुजींचं घर शोधणारे. दुसरे पाठीवर सॅक आणि पायांत बूट असलेले, मुंबईहून रात्रीची गाडी करून किंवा कसाऱ्यापर्यंत लोकलने आलेले, हरिहर गडाची जीप शोधणारे. दोघे एकाच टपरीवर चहा घेतात, एकमेकांकडे जरा नवलाने बघतात आणि आपापल्या वाटेला लागतात. मला हे दोघे वेगळे वाटत नाहीत. डोंगराभोवती आणि डोंगरावर पायी हिंडणं हा या खोऱ्यातला फार जुना उद्योग आहे. सॅकवाली मुलं त्यात अलीकडे सामील झाली, एवढंच.

आमच्या घरात तो उद्योग आजीपासून होता. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी. रविवारी रात्रीच त्र्यंबकला पोचायचं, कुशावर्तात स्नान करायचं आणि अंधारात निघायचं. प्रयागतीर्थ, पेगलवाडी, पहिने, भिलमाळ, सापगाव असं करत वीसेक किलोमीटरांचा वळसा घालून परत गावात. ज्यांच्या अंगात बळ आहे ते हरिहरलाही कवेत घेणारी मोठी फेरी करतात. आजी ती अनवाणी करायची. तळपायाला चिखल, खडे, शेवाळ. अंगावर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद. पुढे-मागे हजारो माणसं आणि मधूनमधून उठणारा भोलेनाथाचा गजर. वाटेतल्या वाडीवर कुणीतरी चुलीवर चहाचं पातेलं ठेवलेलं असायचं. तिथे टेकायचं, पाय धुवायचे, पुन्हा चालायचं. फेरीत डोंगराच्या माथ्यावर कुणी जात नाही. त्याला उजव्या हाताला ठेवून नुसतं भोवती चालायचं, आणि चालताना त्याची एकेक बाजू बघायची. एका बाजूने तो सरळ तुटलेला कडा आहे, दुसऱ्या बाजूने उतरत गेलेलं रान, तिसऱ्या बाजूने ढगात शिरलेली सोंड. डोंगर ओळखायची याहून चांगली रीत मला अजून सापडलेली नाही. आज गिर्यारोहणाचं रीतसर शिक्षण घेतलेली मंडळी आधी पायथ्याने हिंडून कडा न्याहाळतात, मग वाट ठरवतात. आजी ते शास्त्र म्हणून शिकली नव्हती, पण तिला ब्रह्मगिरीची प्रत्येक घळ माहीत होती.

याच फेरीच्या वाटेवर मराठी माणसाच्या आयुष्यातली एक फार मोठी गोष्ट घडल्याचं परंपरा सांगते. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई मुलांना घेऊन प्रदक्षिणेला आले होते. रात्री वाघ आडवा आला, पांगापांग झाली आणि थोरला निवृत्ती चुकून एका गुहेत शिरला. तिथे गहिनीनाथ बसलेले होते. तिथे मिळालेला उपदेश निवृत्तीने पुढे धाकट्या भावाला, ज्ञानदेवांना दिला. निवृत्तिनाथांची समाधीही त्र्यंबकलाच आहे. पौष वद्य एकादशीला तिथे यात्रा भरते, कडाक्याच्या थंडीत जिल्हाभरातून दिंड्या येतात, आणि ज्येष्ठात नाथांची पालखी पंढरीकडे निघते. ब्रह्मगिरीच्या धुक्यात वाट चुकलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यांच्या आवाजातली भीती ऐकली आहे. अशा वेळी त्या थोरल्या भावाची आठवण येते. वय किती असेल त्याचं? बारा? त्याहून कमी?

ब्रह्मगिरीच्या माथ्यावर जायला दगडी पायऱ्या आहेत. सुरुवातीला रुंद आणि सोप्या, पुढे कातळात खोदलेल्या, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. माकडांची टोळी वाटेवर ठिय्या देऊन बसलेली असते आणि हातातली पिशवी हमखास ओढते, म्हणून खाऊ सॅकच्या आत ठेवावा. महादरवाज्यातून वर आलं की एकदम मोकळं पठार लागतं. उंची सुमारे १,३०० मीटर. गोदावरीचं उगमस्थान आणि शंकराने जटा आपटल्या ते जटामंदिर इथे आहे, आणि बहुतेक लोक तिथूनच परततात. मी मात्र पाय थकले नसतील तर दुर्गभांडारपर्यंत जावंच असं सांगेन. हा किल्ला आहे हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. अखंड कातळ खोल चिरून खाली उतरणाऱ्या पायऱ्या काढल्या आहेत. दोन्ही बाजूंना उभे दगड, वर आभाळाची एक पट्टी. तळाशी इतका ठेंगणा दरवाजा की बसून, सरपटत बाहेर पडावं लागतं. बाहेर आल्यावर समोर दगडाची अरुंद नैसर्गिक भिंत, तिच्या दोन्हीकडे खोल दरी. ती ओलांडली की पुन्हा तसाच ठेंगणा दरवाजा आणि तशाच कोरलेल्या पायऱ्या, या वेळी वर चढणाऱ्या. ज्यांनी हे खोदलं त्यांची नावं कुठेही नाहीत. छिन्नीचे घाव मात्र बोटांना लागतात.

माथ्यावर पश्चिमेला तोंड करून उभं राहिलं की वैतरणेचं खोरं दिसतं, पूर्वेला गंगापूरचं पाणी चमकतं. या एका डोंगररांगेवर पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. काही थेंब गोदावरीतून १,४६५ किलोमीटर चालत, महाराष्ट्र, तेलंगण आणि आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतात. काही वैतरणेतून पश्चिमेला वळतात आणि त्यांतले पुष्कळसे मुंबईच्या नळाला येतात. इथून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर. तरी गोदावरीने उलटी दिशा धरली, आणि नाशिक, पैठण, नांदेड, राजमहेंद्री ही सगळी गावं त्यामुळे वसली. वाऱ्यात उभं राहून हे दोन्हीकडचं पाणी एका नजरेत बघताना मला दर वेळी भरून येतं.

आणि तरीही या डोंगरावरच्या बायका उन्हाळ्यात पाण्यासाठी मैलभर उतरतात. ब्रह्मगिरीच्या अंगाखांद्यावर मेटघर किल्ला नावाचं गाव आहे. सुपलीची मेट, विनायक खिंड अशा त्याच्या वाड्या. मेट म्हणजे पूर्वीची गडाच्या पहाऱ्याची चौकी; तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी ही कुटुंबं. पावसाळ्यात घरात जमिनीतून पाणी वर येतं इतका ओलावा, आणि मार्चनंतर विहिरीच्या तळाशी वाटीने भरावं लागेल एवढा ओघळ. कातळ पाणी धरून ठेवत नाही. पाणी धरतात झाडं, त्यांच्या मुळांखालची माती, गवताचा थर. ते जितकं उघडं पडेल तितका पाऊस थांबत नाही, धावत सुटतो. आमच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला एका रात्रीत लागणारं पाणी आणि मेटेवरची कोरडी कळशी या एकाच डोंगराच्या दोन तक्रारी आहेत. वाटेत करवंदं विकणाऱ्या एका आजींशी बोलताना मी म्हटलं, "पावसाळ्यात किती सुंदर दिसतं हो तुमचं गाव." त्या पळसाच्या पानाचा द्रोण हातात देत म्हणाल्या, "पावसाळ्यात समदेच येतात, ताई. चैतात या, मंग कळंल." मी चैत्रात गेले. त्यांच्याबरोबर उतरले, अर्धी कळशी घेऊन वर आले, आणि पायऱ्या चढायला किती वेळ लागतो याचं माझं मोजमाप त्या दिवशी बदललं.

हरिहरविषयी फार लिहीत नाही, कारण त्याची छायाचित्रं आता देशभर पोचली आहेत. निरगुडपाडा किंवा हर्षेवाडीतून चढायचं, आणि शेवटी तो प्रसिद्ध जिना: कातळात कोरलेल्या पायऱ्या, सत्तर-ऐंशी अंशांचा चढ, हात रोवायला दोन्ही बाजूंना खोबण्या. १८१८ मध्ये इंग्रजांनी या भागातले गड घेतले आणि पुष्कळ ठिकाणी वाटा तोडून टाकल्या. कॅप्टन ब्रिग्ज या जिन्याने इतका भारावला की हरिहरच्या पायऱ्या वाचल्या, असं सांगतात. याच गडाच्या एका सरळसोट कड्यावर १९८६ साली डग स्कॉट हा एव्हरेस्टवीर चढला, आणि तेव्हापासून गिर्यारोहक त्याला स्कॉटिश कडा म्हणतात. जिना एका वेळी एका माणसाचा आहे. पावसाळी रविवारी त्यावर वर जाणारे शेकडो आणि खाली येणारे शेकडो एकमेकांना अडकून तासन्‌तास लटकलेले असतात. निसरडा दगड, घाबरलेली मुलं, मागून रेटणारी गर्दी. वनविभागाला मग बंदी घालावी लागते, मर्यादा घालावी लागते, आणि लोक रागावतात. मला ती मर्यादा योग्य वाटते. कोरणाऱ्यांनी जिना एकट्या माणसाच्या मापाचा केला होता, ते माप आपण पाळायला हवं. दुगारवाडीच्या धबधब्यापाशी २०२२ च्या ऑगस्टमध्ये अचानक लोंढा येऊन पर्यटक पलीकडच्या काठाला अडकले होते. अंधारात, पावसात त्यांना शोधायला गावकरी आणि नाशिकच्या गिर्यारोहण संस्थांची मुलं गेली. वैनतेयसारख्या संस्थांनी इतकी वर्षं नाशिकच्या पोरांना दोर बांधायला शिकवलं, त्याची किंमत अशा रात्री कळते.

अंजनेरीवर मात्र मला थांबायचं आहे. पायथ्याच्या गावात यादवकाळातली पडझड झालेली मंदिरं आहेत, काही जैन, काही हिंदू. जवळच नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, १९८० मध्ये सुरू झालेली, तिचं नाण्यांचं संग्रहालय मुलांना दाखवावं असं आहे. वर अंजनीमातेचं देऊळ, हनुमानाच्या जन्माची गुहा, पावलाच्या आकाराचं तळं. भाविक तिथे जातात ते यासाठी. पण भाद्रपदात या पठारावर चालताना नजर पायाखाली ठेवावी. गवतात वीतभर उंचीची एक वनस्पती असते, फूल कंदिलाच्या घाटाचं, म्हणून तिच्या प्रजातीला मराठीत कंदीलपुष्प म्हणतात. हिचं शास्त्रीय नाव सेरोपेजिया अंजनेरिका. २००६ साली ती शास्त्राला नवी जात म्हणून नोंदली गेली आणि नावातच तिचा पत्ता आला. फुलाच्या नळीत आतल्या बाजूला बारीक केस असतात. चिमुकली माशी आत शिरते, केसांमुळे तिला परत फिरता येत नाही, ती थोडा वेळ कोंडली जाते. केस सुकले की सुटते आणि पराग घेऊन दुसऱ्या फुलाकडे जाते. एवढा नाजूक हिशेब एका बुटाखाली संपतो. या पठारावरचा मातीचा थर बोटभर जाडीचा आहे. कंद त्यातच धरून असतो.

आणि कड्यांवर गिधाडं आहेत, लांब चोचीची. ज्या वर्षांत गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने देशभरातली गिधाडं मेली, त्या वर्षांतही अंजनेरी आणि ब्रह्मगिरीच्या कपारींत काही घरटी टिकली. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. हरसूलकडे खोरीपाड्याला गावकरी आणि वनविभाग मिळून मेलेली गुरं गिधाडांसाठी ठेवतात. अंजनेरीच्या दुसऱ्या टप्प्यावर पाठीवर पडून वर बघत राहिलं की कधीतरी एखादं गिधाड कड्यावरून सुटतं, पंख न हलवता दरीवर तरंगतं आणि इतक्या जवळून जातं की पंखांतून जाणारा वारा ऐकू येतो.

२०१७ मध्ये अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं. त्यानंतरही या डोंगरावर गाडीरस्ता नेण्याचा बेत निघाला. नाशिककरांनी विरोध केला, तो मागे पडला. मग ब्रह्मगिरी आणि अंजनेरी जोडणाऱ्या रोपवेचा प्रस्ताव आला, पावणेसहा किलोमीटरांचा. मधल्या काळात, २०२१ साली, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी सुरुंग लावून डोंगर फोडल्याचं उघडकीस आलं. तेव्हाही माणसं रस्त्यावर उतरली. गावात तर गोदावरी केव्हाचीच काँक्रीटच्या छताखाली गेली आहे. कुशावर्ताकडून आलेला यात्रेकरू तिच्यावरून चालतो आणि नदी कुठे आहे म्हणून विचारतो.

रोपवेच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जातो: म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं? हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. शेवटच्या वर्षांत आजीला फेरी झेपेना, तेव्हा तिची तगमग मी जवळून पाहिली आहे. पण तिने तिचा मार्ग काढला होता आणि तो परंपरेतच होता. कथा सांगते की गंगा ब्रह्मगिरीवर अवतरली, पण ठरेना; पुन्हा पुन्हा गुप्त व्हायची. गौतमऋषींनी खाली दर्भाचं वेटोळं घालून तिला अडवलं, तेच कुशावर्त. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी नदीच खाली आणून ठेवलेली आहे, गावाच्या मधोमध, सपाटीवर. आजी कुशावर्ताच्या पायरीवर बसायची, ओंजळीत पाणी घ्यायची, वर डोंगराकडे बघून हात जोडायची. तिला कधी उणं वाटलं नाही. घरट्यांच्या उंचीवरून यंत्राची दोरी नेली तर गिधाडं जातील, पठारावर स्थानक बांधलं तर माती जाईल. माथ्यावर माती राहिली नाही तर मेटघरची विहीर आणखी लवकर आटेल आणि पंचवटीतलं पाणी आणखी वेगाने चढेल. यात्रेकरूंची सोय करायची असेल तर गावातली नदी आधी उघडी करावी, मेटेवर बारमाही पाणी द्यावं, पायऱ्यांची डागडुजी करावी. २०२७ चा सिंहस्थ दाराशी आहे. या कामांना त्याहून चांगलं निमित्त मिळणार नाही.

तुम्ही नाशिकला येत असाल तर त्र्यंबकला जरूर जा. शक्यतो बसने जा. पावसाळी शनिवार-रविवार टाळा. भाद्रपदात मधल्या वारी गेलात तर पठार फुललेलं असतं आणि हरिहरचा जिना मोकळा असतो. पायवाट सोडून गवतात शिरू नका. अंजनेरीला वनसमितीची पावती घ्या, प्लास्टिक सगळं परत खाली आणा. जेवायला वाडीतल्या घरी सांगून ठेवा, नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा मिळेल, पैसे मागतील त्याहून थोडे जास्त द्या. एकदा चैत्रातही जा, मेटघरपर्यंत, आणि जाताना स्वतःचं पाणी पाठीवर न्या. रोपवेबद्दल कुणी तुमचं मत विचारलं तर नको म्हणून स्पष्ट सांगा.